पोटभाडेकरू

चाळीच्या भाडेकरू संघाचे खजिनदारकाका कोर्टात आले ते कापडी पिशवी छातीशी धरून. पिशवीत मनिऑर्डरच्या पावत्या होत्या. महिन्यामागून महिना, दोऱ्यात ओवलेल्या, प्रत्येकीवर पोस्टाचा शिक्का आणि 'रिफ्यूज्ड'. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मी वीसेक वर्षं भाडेकरूंची वकिली करते आहे. असे दावे पाहिलेत की वादी गेले, प्रतिवादी गेले, दोघांचे वारस रेकॉर्डवर आले आणि त्यांतलाही एखादा साक्ष व्हायच्या आधी गेला. पण इतका नीट पुरावा हातात देणारा अशील क्वचित भेटतो.

चाळ गिरगावातली. तीन मजले, बेचाळीस खोल्या, १ सप्टेंबर १९४० च्या आधीची म्हणून सेस, म्हणजे दुरुस्तीचा उपकर, भरणाऱ्या इमारतींच्या 'अ' वर्गात. जुन्या मालकाने ती विकली आणि नव्याने पहिलं काम केलं ते भाडं घेणं बंद करण्याचं. ही चाल जुनीच आहे. सहा-आठ महिने भाडं घ्यायचं नाही, मग थकबाकीची नोटीस काढायची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात यावर उतारा आहे. नोटिशीनंतर ९० दिवस मालकाला दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही भरत राहिलं, तर थकबाकीपोटी घर जात नाही. पण माणसं नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवतात आणि विसरतात. या चाळीत विसरली नाहीत, कारण काका दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक दारावर जाऊन विचारायचे, "मनिऑर्डर केली का? पावती दाखवा."

त्यांनीच संघ उभा केला होता. नऊ जणांवर दावे लागल्यावर बेचाळीस खोल्यांकडून वर्गणी, वर्गणीचा वहीत हिशेब, वही दर रविवारी गॅलरीत सगळ्यांसमोर उघडी. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणायच्या, "आमच्याकडे मोर्चा नाही हो ताई, आमच्याकडे वही आहे."

त्या दिवशी मालकाच्या व्यवस्थापकाची उलटतपासणी होती. मी पावत्यांचा एक गठ्ठा पुढे केला.

"हा पत्ता तुमच्या कार्यालयाचाच ना?"

"हो."

"शिक्का पोस्टाचा?"

"दिसतोय."

"त्यापुढे काय लिहिलंय, वाचता का?"

त्याने वाचलं. मग म्हणाला, पोस्टमन कधी आलाच नाही. चौदा महिने सलग आला नाही का, असं विचारल्यावर तो वकिलाकडे बघू लागला. जेवणाच्या सुट्टीआधी आमचं काम झालं. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, काकांनी पावत्या मोजून परत दोऱ्यात ओवल्या आणि पंगत उठल्यासारखी आमची मंडळी बाहेर पडली. आनंदात होती. मीही होते.

व्हरांड्यात एक बाई थांबली होती. तिशीची असेल. सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी.

"मॅडम, तुम्ही आमच्या चाळीच्या वकील ना?"

चेहरा ओळखीचा वाटला नाही. रविवारच्या बैठकांना मी जात असे, तिथे ही कधी दिसली नव्हती. खोली कुठली विचारलं तर म्हणाली, सव्वीस. सव्वीस काकांची. दावा लागलेल्या नऊपैकी एक. काका स्वतः मुलाकडे डोंबिवलीला राहतात हे मला ठाऊक होतं. खोलीत भाचा असतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी लिहूनही घेतलं होतं.

"भाचा कुणी नाही," ती म्हणाली. "चार वर्षं आम्हीच आहोत. चौदा हजार देतो, रोख. पावती नाही. आता म्हणाले, पंधरा दिवसांत खाली करा, नाहीतर कुलूप लावीन."

मी तिला तिथेच थांबवलं. मी काकांची वकील आहे, तुम्हाला सल्ला देता येणार नाही, आणि पुढे जे सांगाल ते मला त्यांना सांगावं लागेल, असं स्पष्ट म्हटलं. ती गप्प झाली. मुलगी भिंतीवर लावलेल्या बोर्डावरचे दाव्यांचे नंबर मोठ्याने वाचत होती. मग आई म्हणाली, "सांगा ना. म्हणून तर तुमच्याकडे आले."

आणि तिने उरलेलं सांगितलं. मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला होता. तुम्ही इथे राहता, काकांना भाडं देता, एवढं प्रतिज्ञापत्रावर सही करून द्या. तुमची सोय बघू.

वकील नसलेल्या वाचकाला यातली मेख कळायची नाही, म्हणून सांगते. काकांना खोलीचं भाडं महिना एकशे बारा रुपये. कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणजे साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. (मालकांची तक्रार सगळी खोटी नाही. १९४० च्या पातळीवर गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायकारक ठरलं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये म्हटलं आहे. आमच्या बाजूचे लोक हा निकाल कधी काढत नाहीत. मीही कोर्टात काढत नाही.) या स्वस्त भाड्याच्या बदल्यात कायदा भाडेकरूकडून जे मागतो त्यात एक अट ही, की मालकाच्या संमतीशिवाय खोली पोटभाड्याने किंवा लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, द्यायची नाही. दिली आणि सिद्ध झाली, तर खोली जाते. तिथे पंधरा टक्के व्याज भरून सुटका नाही. म्हणजे चौदा महिन्यांच्या मनिऑर्डरी एका बाजूला आणि या बाईची एक सही दुसऱ्या बाजूला. सही जड होती.

आणि तिचं काय? तिला सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. कायद्याचा मार्ग सोडून कुणी घराबाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा ही जबाबदारी घर देणाऱ्याची. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे सगळं मला येत होतं आणि तिला सांगता येत नव्हतं. एवढंच म्हणाले की विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो, आणि तो वकील भेटेपर्यंत कुठल्याच कागदावर सही करू नका. हे शेवटचं वाक्य तिच्या भल्याचं होतं की माझ्या अशिलाच्या, याचा मी त्यानंतर बराच विचार केला आहे. दोघांच्याही असावं. पण बोलले तेव्हा डोळ्यांसमोर काकांचा दावा होता.

संध्याकाळी चाळीत बैठक होती. चाळींच्या पुनर्विकासाबद्दल सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा करायचा होता. आजूबाजूच्या पाच-सहा चाळी मिळून ते देणार होत्या. सकाळच्या उलटतपासणीची हकीकत तोवर तिखटमीठ लावून सगळ्या मजल्यांवर पोचली होती. मला स्वतःलाच न आठवणारे दोन प्रश्न मी विचारले होते असं कळलं.

मसुदा चांगला होता. इमारत रिकामी करण्याआधी प्रत्येक खोलीशी स्वतंत्र नोंदणीकृत करार झाला पाहिजे. पर्यायी घराचं भाडं विकासकाने आगाऊ जमा केलं पाहिजे. इमारत अतिधोकादायक ठरवताना मालकाच्या इंजिनिअरबरोबर आमच्याही इंजिनिअरचा अहवाल तपासला पाहिजे. पाडण्यापूर्वी कोण कुठे राहतं याची यादी मोजमापासह प्रत्येकाच्या हातात दिली पाहिजे. इमारत पडली तरी भाडेहक्क पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेलं मावशींना तोंडपाठ होतं, ते त्यांनी सगळ्यात वर घालायला लावलं.

यादीच्या मुद्द्यावर एका तरुण मुलाने विचारलं, "कोण राहतं म्हणजे? भाडेकरू लिहायचा की प्रत्यक्ष राहणारा?"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग कळलं की गप्प बसलेले सहा-सात जण होते. सव्वीस ही काही एकटी खोली नव्हती. अध्यक्षांनी घाईने "पावतीवर नाव असेल तो" असं म्हणून मुद्दा मिटवला आणि चहा आला. गॅलरीच्या टोकाला सव्वीसचं दार अर्धवट उघडं होतं. आत दिवा होता.

काकांना मी जिन्यात गाठलं. सकाळचं सगळं सांगितलं, भाच्यासकट. आधी ते चिडले. बाईवर, मग माझ्यावर. मुलाच्या दोन खोल्यांत सून, नातवंडं, आपण दोघं. ते चौदा हजार कशाला लागतात याचा हिशेब त्यांनी मला दिला. तो खोटा नव्हता. पत्नीच्या डायलिसिसचे आकडे त्यांना वहीतल्यासारखे पाठ होते.

"तिला लगेच काढतो. म्हणजे प्रश्न मिटला."

"काढलंत तर ती उद्या कोर्टात येईल. तिच्या दाव्यात पहिलं वाक्य काय असेल? 'मी चार वर्षं या खोलीत भाडं देऊन राहते.' मालकाला मग प्रतिज्ञापत्रही नको."

ते पायरीवर बसले.

आता जे केलं ते वकिलीत बसतं का, मला माहीत नाही. त्यांच्या खोलीच्या कागदांची फाईल माझ्या बॅगेत होती. दावा लागला तेव्हा मी खोलीची पहिली पावती शोधत होते आणि मला नवल वाटलं होतं, की १९७३ पर्यंतच्या पावत्या भलत्याच नावावर आहेत आणि त्यानंतर एकदम काकांच्या वडिलांच्या. मध्ये एक टाइप केलेलं पत्र होतं, कार्बनकॉपी, वडिलांनी मालकाला पाठवलेलं. मी या खोलीत अमुक यांचा लायसन्सी म्हणून राहतो आणि नव्या दुरुस्तीप्रमाणे आता आपला भाडेकरू आहे, कृपया पावती माझ्या नावे द्यावी.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी किमान एका खोलीत लायसन्सी म्हणून राहत होता, तो त्या दिवसापासून थेट मालकाचा भाडेकरू मानला गेला. लायसन्सच्या नावाखाली लोकांना भाडेकरूचे हक्क नाकारले जात होते, त्यावरचा तो इलाज होता. एका तारखेच्या जोरावर असंख्य लोक उंबरठ्याच्या आत आले. त्यानंतरच्यांसाठी तशी तारीख पुन्हा आलेली नाही.

जिन्यातल्या दिव्याखाली काकांनी ते पत्र दोनदा वाचलं. वडिलांची सही ओळखीची होती, मजकूर नव्हता. वडील आधी दुसऱ्याच्या खोलीत राहत होते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीत अशा गोष्टी लवकर पुसल्या जातात.

"म्हणजे आम्ही पण..." ते म्हणाले आणि थांबले. मग विचारलं, "याची झेरॉक्स मिळेल का?"

कुलूप त्यांनी लावलं नाही. मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहा, डिपॉझिट पूर्ण परत देतो, असं ठरलं आणि त्यांनी ते पाळलं. बाईने मालकाच्या माणसाला सही दिली नाही. का दिली नाही ते मी विचारलं नाही, विचारायचा अधिकारही नव्हता. विधी सेवेच्या वकिलाला ती भेटली होती, एवढं नंतर कळलं. एप्रिलच्या शेवटी टेम्पो आला. मावशींनी सांगितलं की सामान उतरवायला काका स्वतः आले होते आणि गॅसची शेगडी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. ती बाई कुठे गेली ते चाळीत कुणाला माहीत नाही. संघाच्या वहीत तिचं नाव कधी नव्हतंच.

निवेदन गेलं. यादीच्या मुद्द्यात शेवटी 'पावतीवर नाव असेल तो' हेच राहिलं.

दावा अजून चालू आहे. मला सध्या काळजी आहे ती वेगळीच. दावा लागण्याआधीचे सलग सहा महिने खोली सबळ कारणाशिवाय वापरात नसली, तर तेही ताबा मागायला कारण होतं, आणि मालक आणखी एक दावा लावायला टपलेला आहे. सव्वीस आता रिकामी आहे. म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला, मनिऑर्डरीच्या दिवशी, मी काकांना फोन करते. शनिवारी या, राहा, स्वयंपाक करा, विजेचं बिल येऊ द्या. ते येतात. परवा म्हणाले, "ताई, एकट्याला झोप लागत नाही हो तिथे. शेजारचे विचारतात, कोण आलंय राहायला?"