क्वेबेक ते बॉस्टन, रंगलेल्या पानांच्या मागे

पानगळीचे रंग बघायला आम्ही चौघं कॅनडातल्या क्वेबेकहून अमेरिकेतल्या बॉस्टनला जहाजाने गेलो. त्यात आम्हाला जी गोष्ट पैसे भरून झाल्यावर कळली ती आधी सांगते. समुद्रात गेलेल्या जहाजावरून पानांचे रंग दिसत नाहीत. किनारा इतका लांब असतो की झाडांची नुसती काळपट रेघ होते. रंग दिसतात ते नदीत, म्हणजे सेंट लॉरेन्स आणि सॅग्ने या दोन नद्यांत, आणि बंदरात उतरून गावाबाहेर गेलं की. बुकिंग करून देणाऱ्याने "खोलीत बसून फॉल बघा" (फॉल म्हणजे तिकडची पानगळ) असं सांगून बाल्कनीची खोली आमच्या गळ्यात मारली. आठ रात्रींत ती बाल्कनी जेमतेम दीड दिवस कामाला आली. तेवढ्या पैशांत जमिनीवर आणखी दोन दिवस राहता आलं असतं.

मी आणि हे नौपाड्यात राहतो, धाकटे दीर आणि जाऊ ऐरोलीला. जायचं ठरलं ते मार्चमध्ये, येऊरला सकाळी फिरायला गेलो होतो तेव्हा. कुसुमाला नवी पालवी फुटली होती, लालभडक. जाऊ म्हणाली, "ताई, आपल्याकडे नवं पान लाल असतं, तिकडे म्हणे जुनं होताना लाल होतं. एकदा बघून येऊ या ना."

तिचं म्हणणं खरं आहे. लाल रंग दोन्हीकडे अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचाच. दिवस लहान होऊ लागले की तिकडची झाडं पानातलं हरितद्रव्य मोडतात आणि त्यातलं कामाचं तेवढं परत ओढून घेतात. हिरवा गेला की पानात आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो, म्हणून बर्च पिवळाधमक दिसतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण पाणी गोठेल इतका नाही. म्हणून रंग अमुक तारखेला भरात असेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

अंदाज मात्र बांधता येतो. क्वेबेक आणि सॅग्नेकडे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्याला, आणि बॉस्टनला त्याहूनही उशिरा. समुद्राच्या उबेमुळे किनाऱ्यावर रंग आतल्या डोंगरांपेक्षा मागे राहतो. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतो, तेव्हा जहाजही तसंच येणारं घ्या. तेच जहाज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बॉस्टनहून वर निघालं तर बॉस्टन हिरवंच असतं आणि क्वेबेकला पोचेपर्यंत तिथली पानं खाली आलेली असतात. आम्ही नवरात्रात क्वेबेकहून निघणारं जहाज घेतलं, आणि सगळ्या नियोजनात हा एक निर्णय अगदी बरोबर ठरला.

व्हिसे दोन लागतात, अमेरिकेचा आणि कॅनडाचा. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन् महिने जातात, म्हणून आधी तो हातात घ्या, मगच जहाजाचे न परतणारे पैसे भरा. कॅनडाचा अर्ज ऑनलाइन होतो, पण बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावंच लागतं.

क्वेबेकला आम्ही मुंबईहून युरोपमार्गे माँट्रियल आणि तिथून रेल्वेने साडेतीन तास असे पोचलो. जहाज सुटायच्या निदान दोन दिवस आधी पोचा. एक कारण म्हणजे विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर रंग तिथे आहे. तटबंदीतलं जुनं शहर १९८५ पासून जागतिक वारसा आहे, ते एका दुपारी पायी होतं. मॉन्टमोरेन्सीचा धबधबा ८३ मीटरचा, नायगाऱ्यापेक्षा उंच, तोही शहराला लागूनच. पण एक अख्खा दिवस झाक-कार्टिए राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. शहराच्या उत्तरेला गाडीने पाऊण तासावर नदीने कोरलेलं खोल खोरं आहे, दोन्ही उतारांवर मेपल आणि बर्च, मधूनमधून गर्द हिरवे सूचीपर्णी. त्या हिरव्यामुळेच लाल इतका पेटतो. आमचे हे एरवी फोटो काढत सुटतात, तिथे अर्धा तास नुसते दगडावर बसून होते.

जहाज क्वेबेकहून निघालं की डाव्या हाताला शार्लव्हाचे डोंगर येतात, तेव्हा बाल्कनीची खोली घ्यायचीच असेल तर डावीकडची घ्या. खरं तर उघड्या डेकवर जाऊन उभं राहणं सगळ्यात चांगलं. पहाटे सॅग्नेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे उभ्या कड्यांमधल्या खोल, अरुंद खाडीत, शिरताना डेकवर मोजून पंधरा माणसं होती. दोन्ही बाजूंना तीनशे मीटरहून उंच कडे, कपारीत चिकटलेले पिवळे बर्च, खाली शाईसारखं काळं पाणी. आपल्या खाडीत वाढलेल्या माणसाला पाणी इतकं निवांत असतं हे पटत नाही. नदीच्या मुखाशी टाडुसॅकला पांढरे बेलुगा देवमासे असतात, आम्हाला तिघांच्या पाठी दिसल्या. गरम टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट जवळ नसेल तर मात्र तिथे दहा मिनिटं उभं राहवत नाही. ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात बॅग भरताना हे सगळं जास्तीचं वाटतं, तरी भरा.

पुढे सेंट लॉरेन्सच्या आखातात जहाज डोलतं. मळमळ होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली घ्यावी. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शार्लटटाउनला पाऊस होता, तिथलं सांगण्यासारखं काही नाही. नोव्हा स्कोशियातलं सिडनी बंदर वाऱ्यामुळे रद्दच झालं. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. आम्ही बाहेरून ठरवलेल्या गाडीची आगाऊ रक्कम बुडाली. या दिवसांत वादळंही येतात, तेव्हा बंदर चुकेल हे धरूनच चाला आणि प्रवासविमा नीट वाचून घ्या.

नोव्हा स्कोशियातल्याच हॅलिफॅक्सला उतरलेले बहुतेक लोक पेगीज कोव्हच्या दीपगृहाला जातात. जागा देखणी आहे, पण तिथे उघडा ग्रॅनाइट आहे, झाडं जवळपास नाहीत. पानांसाठी आला असाल तर तासाभरावरच्या अनापोलिस खोऱ्याकडे जा. सफरचंदाच्या बागा आणि मागे रंगलेले डोंगर असं दोन्ही मिळतं.

दसरा फंडीच्या आखातावरच्या सेंट जॉन या कॅनडातल्या बंदरात आला. या आखातात जगातली सर्वांत मोठी भरती येते, काही ठिकाणी सोळा मीटरपर्यंत. आपल्याकडे पावसाळ्यात पाच मीटरच्या आसपास पाणी चढणार म्हटलं की बातमी होते. सेंट जॉनची नदी भरतीच्या वेळी उलटी वाहते, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा, एकाच वेळी जाऊन गंमत कळत नाही. नंतर गावातल्या किंग्ज स्क्वेअर बागेत मेपलची पडलेली पानं उचलून आम्ही चौघांनी एकमेकांना सोनं दिलं. दिरांनी वाकून नमस्कार केला तेव्हा बाकावरच्या एक आजीबाई चौकशी करायला आल्या, त्यांनाही एक पान दिलं. ती पानं तिथेच ठेवून आलो. पुढचं बंदर अमेरिकेतलं होतं, आणि सीमा ओलांडताना झाडाचं पानसुद्धा जाहीर करावं लागतं.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. जहाजावर आमची आबाळ झाली नाही, बंदरांत झाली. क्वेबेकचं पुटीन म्हणजे बटाट्याच्या कापांवर चीज आणि रस्सा, पण तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो, विचारून घ्या. भर समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल भारी पडतं. आणि हॅलिफॅक्सकडचं घड्याळ क्वेबेकच्या एक तास पुढे असतं. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळावरच धरा.

मेनमधल्या बार हार्बर या बंदराच्या भरवशावर जहाज निवडू नका. अकेडिया राष्ट्रीय उद्यान तिथे आहे, आणि फोटो सगळे तिथलेच दाखवतात. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून जहाजातून रोज उतरणाऱ्यांवर एक हजाराची मर्यादा घातली. मोठ्या जहाजांत दोन-तीन हजार माणसं असतात. आमचं जहाज मेनमधल्याच पोर्टलंडला लागलं, तिथून अकेडिया तीन तासांवर, म्हणजे एका दिवसात होण्यासारखं नाही. अकेडिया बघायचंच असेल तर लहान जहाज शोधा किंवा बॉस्टनहून गाडीने वेगळं जा. कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायला ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत आधी आरक्षण लागतं.

बॉस्टनला उतरलो तेव्हा शहर जवळजवळ हिरवंच होतं. दोन दिवस ठेवले होते, त्यातला एक हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानाला दिला. तिकीट नाही, मेट्रोने जाता येतं, आणि प्रत्येक झाडाला नावाची पट्टी आहे. आठवडाभर लांबून बघितलेले साखर मेपल, लाल मेपल, बर्च तिथे एकेकटे जवळून ओळखता आले. एका मेपलची एकच फांदी लाल झाली होती, बाकी सगळं झाड हिरवं. जाऊ त्या फांदीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हे बघा, सुरू होतंय."