दर शुक्रवारची पंचवटी

गेले दोन महिने दर शुक्रवारी मी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये असतो. नाशिकरोडच्या पासवाल्यांना वाटतंय मला मुंबईत नोकरी लागली. पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कुजबुज आहे की मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मला हिपॅटायटिस बी आहे आणि त्याच्यावरच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये मी भाग घेतलाय. (एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्यांनी घाबरू नये.)

2016 च्या गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, तेव्हा कळलं. मग आईची तपासणी केली, तर तीही पॉझिटिव्ह. म्हणजे जन्मतःच मिळालेला वारसा. धाकटा भाऊ निगेटिव्ह निघाला, त्याचं नशीब. मला रोजची टेनोफोविर सुरू झाली. ही गोळी विषाणूची वाढ दाबून ठेवते, पण लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात त्याची मूळ प्रत दडून बसते, तिला हात लावत नाही. बागायतदारांना एका वाक्यात सांगतो: भुरी फवारणीनं आटोक्यात राहते, पण वेलीच्या डोळ्यात बसलेली असतेच.

आमचे डॉक्टर म्हणाले, ‘नवीन औषधांच्या ट्रायल चालू असतात, शोधून बघा.’ कुठे शोधायचं? तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेनं 2007 मध्ये सुरू केलेली ही नोंदवही कोणालाही फुकट बघता येते, आणि जून 2009 पासून ट्रायलची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. तिथे ‘हिपॅटायटिस बी’ टाकलं की काय काय निघतं! तान्ह्या बाळांच्या लसी, डायलिसिसवाल्यांच्या लसी, काविळीवरचे काढे. त्यातून आपल्या कामाचं निवडायला मला तीन रात्री लागल्या. प्रत्येक नोंदीत हॉस्पिटलांची यादी आणि तिथल्या डॉक्टरांचे नंबर असतात. भरती चालू आहे की नाही तेही लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. दोन ठिकाणी ‘चालू’ लिहिलेलं, फोनवर कळलं की केव्हाच बंद झालीय.

पहिल्या खेपेला मी मोठी चूक केली. औषधाबद्दलच्या बातम्या वाचून हुरळून गेलो आणि कोणाला घेणार, कोणाला नाही, हा भाग नुसता नजरेखालून घातला. दोन दिवस मुंबईला राहिलो, नळ्या भरभरून रक्त दिलं, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) झाला. पंधरा दिवसांनी फोन आला, ‘सर, स्क्रीन फेल आहे.’ विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण 3000 च्या आत हवं होतं, माझं 4600 निघालं. फेब्रुवारी महिना, टेबलावर एक्स्पोर्टचा थॉमसन जातीचा द्राक्षमाल पसरलेला, आणि माझ्या हातात मणी मोजायची 16 मिलिमीटरची रिंग. ‘दादा, माल वाईट नाही, मापात बसत नाही,’ हे मी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

ती तपासणी इथे नाशकात नमुना देऊनही झाली असती. दुसऱ्या वेळी मी आधी तेच केलं आणि फोनवरच कोऑर्डिनेटर मॅडमना सगळे आकडे वाचून दाखवले. त्या ट्रायलची अट वेगळी होती, तिच्यात बसलो.

संमतीपत्र बावीस पानांचं, मराठीत. मराठी म्हणजे ‘यादृच्छिकीकरण’ वगैरे. (चिठ्ठ्या टाकून गट ठरवणार, एवढाच अर्थ.) मॅडम म्हणाल्या, घरी न्या, घरच्यांना वाचू द्या. आईनं हात लावला नाही. ‘उंदरावर करतात ते तुझ्यावर करणार?’ एवढंच म्हणाली. बायकोनं मात्र पेन्सिल घेऊन वाचलं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल, नेहमीचे उपचार अडणार नाहीत, या ओळीखाली तिनं दोनदा रेघ मारली. शेवटच्या पानाशी थांबली.

‘नॉमिनी कशाला?’

मी सांगितलं. 2019 च्या नियमांनुसार ट्रायलमुळे माणूस दगावला तर घरच्यांना भरपाई द्यावी लागते. मूळ रक्कम 8 लाख धरतात, मग वय आणि आजाराची जोखीम बघून हिशेब होतो. ट्रायलमुळे नुसती इजा झाली तरी उपचार फुकट.

‘म्हणजे तुमचा भाव ठरलाय.’

मी गप्प. जरा वेळानं तीच म्हणाली, ‘माझं नाव आधारवर आहे तसंच लिहा. मागे बँकेत घोळ घातला होता तुम्ही.’

औषधाचं आणि हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही, विचारूही नका. तिकिटाचे पैसे मिळतात, तपासण्यांचे लागत नाहीत. उलट कोणी ‘ट्रायलमध्ये घुसवतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. टेनोफोविर चालूच आहे. आठवड्याला पोटात एक इंजेक्शन असतं, ते औषधाचं की नुसत्या खारट पाण्याचं हे मला माहीत नाही, देणाऱ्या सिस्टरलाही नाही. खरं औषध असेल तर टोचल्या जागी लाल चट्टा उठू शकतो, असं त्या बावीस पानांत कुठेतरी आहे आणि बायकोला ते पाठ झालंय. शुक्रवारी रात्री घरी पोचलो की चहाच्या आधी, ‘शर्ट वर करा.’ पाण्यानंही चट्टा उठू शकतो, असं मॅडमनी सांगितलंय, पण ते ती ऐकून घेत नाही.

काल आठवं झालं. चट्टा नव्हता. चहात साखर टाकायची विसरली ती.