तिकिटातले दोन डॉलर

कंबोडियातल्या अंकोरच्या जुन्या मंदिरांच्या तिकिटावर आपला फोटो असतो. खिडकीसमोर उभं राहायचं, बारक्या कॅमेऱ्याकडे बघायचं, आणि मिनिटभरात रात्रभराच्या प्रवासाने सुजलेला आपला चेहरा छापलेलं कार्ड हातात पडतं. तीन दिवसांचे 62 डॉलर. 2011 साली मी पहिल्यांदा कंबोडियाला गेले तेव्हा याच तिकिटाला 40 पडले होते. 2017 मध्ये दर वाढले, आणि तेव्हापासून प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर कंथा बोफा या लहान मुलांच्या हॉस्पिटलांना जातात.

हे मला या वेळी, जानेवारी 2024 मध्ये, आमच्या रेमोर्कवाल्याने सांगितलं. रेमोर्क म्हणजे मोटारसायकलला मागे जोडलेली छपराची गाडी. पर्यटक तिला टुकटुक म्हणतात. तिकीट बघून तो म्हणाला, "बाँग, यातले दोन डॉलर माझ्या मुलीचे." बाँग म्हणजे थोरलं भावंड, ताई आणि दादा दोघांनाही हाच शब्द. मुलीचं काय ते त्याने दोन दिवसांनी सांगितलं.

पहिल्या दिवशी बोलणं झालं ते विमानतळाचं. जुना विमानतळ मंदिरांजवळच्या सिएम रीप शहराला अगदी लागून होता. प्रवासी उतरला की रेमोर्कमध्ये बसायचा, वीस मिनिटांत हॉटेलवर, आणि वाटेतच पुढच्या तीन दिवसांचा सौदा ठरायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये चिनी गुंतवणुकीतून बांधलेला नवा विमानतळ सुरू झाला, तो शहरापासून 50 किलोमीटरवर. आता पाहुणे बसने नाहीतर मोटारीने येतात आणि त्यांचे पुढचे दिवस आधीच कोणीतरी ठरवून टाकलेले असतात. जुन्या विमानतळावरची विमानं मंदिरांच्या फार जवळून जायची, हे त्यालाही मान्य होतं. "देवळांसाठी बरंच झालं," तो म्हणाला. "पण पहिली ओळख आमची व्हायची, ती गेली."

त्याच्या बोलण्यात सारखी एक मोजणी असायची. कोरोनाआधी आणि कोरोनानंतर. 2019 साली कंबोडियात 66 लाख परदेशी पर्यटक आले होते. 2021 साली दोन लाखही आले नाहीत. हे आकडे मी वाचले होते, पण त्याने ते वेगळ्या हिशोबात सांगितले. रेमोर्क कर्जावर घेतलेली. कर्जाला जमीन तारण. गिऱ्हाईक नाही म्हणून हप्ता थांबत नाही. त्याने दोन वर्षं बांधकामावर विटा वाहिल्या, बायकोचं हॉटेलातलं कपडे धुण्याचं काम पहिल्याच महिन्यात गेलं, आणि भातशेतीचा एक तुकडा विकून जमिनीचा उरलेला भाग वाचवला. ज्या गावातली सगळी हुशार पोरं गाइड, वेटर आणि ड्रायव्हर झाली, तिथे विमानं थांबली की किती घरांत एकाच दिवशी पगार बंद होतात, याचा विचार मी तोवर केला नव्हता. नांगर धरणारा मागे कोणी उरलेलाच नसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अंकोर वाट, इथलं सगळ्यात मोठं मंदिर. ज्यांनी तिथला सूर्योदयाचा फोटो पाहिला आहे, त्यांना फोटोबाहेरची गर्दी दिसलेली नसते. डावीकडच्या तळ्याच्या काठाला माणसांच्या पाचसहा रांगा, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांच्या पडद्यांवर तेच पाच कळस. सूर्य वर आला आणि सारी गर्दी नाश्त्याला पांगली. मी आत पूर्वेच्या ओवरीत गेले. तिथे भिंतीवर जवळपास 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलेलं आहे. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये कूर्मावर तोललेला मंदर, वर अप्सरांचे थवेच्या थवे. बाराव्या शतकातल्या सूर्यवर्मन दुसऱ्याच्या काळात कोणा कारागिरांनी ही ओळ धरली आणि शेवटपर्यंत कुठेही ढिली पडू दिली नाही. मी तासभर तिथे एकटी होते, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट इतक्या दूर, इतक्या परक्या चेहऱ्यांनी सांगितलेली बघून मला भरून आलं.

त्याच मंदिरात काही शिल्पं काळी आणि तुळतुळीत दिसतात. पॉलिश केल्यासारखी. हातांनी झालेली आहेत ती. वालुकाश्म मऊ असतो. येणारा प्रत्येक जण एकदाच हात लावतो, आणि 2018 या एका वर्षात इथे 25 लाखांहून जास्त परदेशी माणसं आली होती. आता दोर बांधलेत, झिजलेल्या पायऱ्यांवर लाकडी जिने बसवलेत, आणि नोम बाखेंग टेकडीवर सूर्यास्ताला एका वेळी 300 जणांनाच वर सोडतात. त्या रांगेत मी पाऊण तास उभी राहिले. पुढचे लोक वैतागत होते. मला मात्र तो नियम फार आवडला. देश गरीब असला की आलेल्या पाहुण्याला थांब म्हणायची हिंमत सहज होत नाही.

आता 2011 ची गोष्ट लिहायला हवी. ती लिहायची म्हणूनच हा लेख इतके दिवस रखडला.

तेव्हा आम्ही चौघी होतो. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, अनाथाश्रम बघायला जाणार का? बघायला, हाच शब्द. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. वाटेत तांदळाचं पोतं, वह्या, खडू आणि बिस्किटं घेतली. तिथे वीसेक मुलं होती. त्यांनी नाच केला, इंग्रजी गाणं म्हटलं. पाचेक वर्षांच्या एका मुलीने माझं बोट धरलं ते निघेपर्यंत सोडलं नाही. गाडीत बसताना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आम्ही रडलो, परत येऊन फोटो सगळ्यांना दाखवले, आणि पुढे कित्येक महिने मला त्या दुपारचा अभिमान होता.

नंतर वाचलं ते असं. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत होते. 2005 ते 2010 या पाच वर्षांत संस्थांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. युद्ध तर केव्हाच संपलेलं होतं, अनाथ मुलं कमी होत होती, आणि अनाथाश्रम मात्र वाढत होते. गावातल्या गरीब आईबापांना सांगितलं जायचं, पोराला जेवण मिळेल, शाळा मिळेल, इंग्रजी येईल. पोर आश्रमात यायचं आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे नाचायचं. मी गेले त्याच वर्षी फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने मोहीम काढली होती: मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत. शहरात त्याची पत्रकं लागलेली असणार. आम्ही देवळांचे नकाशे बघत होतो.

माझं बोट धरणाऱ्या त्या मुलीला आई आहे का, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि पाच वर्षांच्या मुलीने अनोळखी बाईला इतकं घट्ट धरावं, आठवड्यातून किती अनोळखी बायका तिला असं धरून सोडून जात असतील, हेही तेव्हा मनात आलं नाही. आपला पैसा वाईट माणसाच्या खिशात गेला तर माणूस निदान चिडतो. इथे आमचा चांगुलपणाच मुलांना घरापासून दूर ठेवायला उपयोगी पडत होता. मोह आवरायला सगळ्यात कठीण तोच. या वेळी मंदिराच्या दारात सात-आठ वर्षांची मुलं पोस्टकार्डांचे संच घेऊन मागे लागली, "वन डॉलर, मादाम," तेव्हा मी एकही घेतलं नाही. शाळेच्या वेळात जितकी कार्डं खपतात, तितके दिवस ते पोर शाळेत जात नाही. घेतलं नाही तरी रात्री चेहरे आठवत राहतात, हेही खरं.

पैसा कुठे जाऊन थांबतो हे बघायची सवय मला तिथेच लागली. या वेळी पहिले दोन दिवस मी एका मोठ्या हॉटेलात होते. आरक्षण परदेशी अ‍ॅपवरून, त्याचं कमिशन देशात शिरलंच नाही. हॉटेलची मालकी परदेशी. सकाळच्या टेबलावरची बरीच भाजी थायलंड आणि व्हिएतनामहून आलेली, असं स्वयंपाकघरातल्या मुलानेच सांगितलं. कारण हॉटेलला रोज एकाच मापाची, एकाच वेळी, खात्रीची भाजी लागते, आणि आजूबाजूच्या लहान शेतकऱ्याला ते जमत नाही. त्याच्याकडे ना शीतगृह, ना वर्षभराचं पाणी. मग माझ्या खोलीच्या भाड्यातलं गावात राहिलं काय? पगार, आणि मी दिलेली टिप. तिसऱ्या दिवशी मी एका घरगुती गेस्टहाउसमध्ये राहायला गेले. चादरी जरा विरलेल्या होत्या, पण मालकीणबाई सकाळी स्वतः बाजारात जात होत्या.

पाण्याचं मात्र कोणी सहसा बोलत नाही. अंकोरची मंदिरं वाळूच्या थरावर उभी आहेत. वाळू ओली असते तोवर ती हे अवाढव्य वजन पेलते. कोरडी पडली की सरकते. अंकोर वाटभोवतीचा सुमारे 190 मीटर रुंदीचा खंदक नुसता शोभेचा किंवा बचावाचा नाही, त्याने पायाखालची ओल टिकवली आहे. आणि शहरात नव्वदच्या दशकापासून हॉटेलं उठत गेली, प्रत्येकाने आपापली बोअर मारली, आणि ज्या मंदिरांसाठी लोक येतात त्याच जमिनीतलं पाणी उपसलं जाऊ लागलं. अंकोरचा कारभार बघणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने यावर एक सुंदर काम केलंय: जुन्या राजांचे कालवे आणि तलाव पुन्हा वाहते केले. कोरडा पडलेला जयतटाक तलाव पुन्हा भरला. त्याच्यावरच्या लाकडी पुलावरून चालत मी नेआक पिआनच्या छोट्या मंदिराकडे गेले. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात वाळलेल्या झाडांचे पांढरे बुंधे, आणि पाणकावळे पंख पसरून बसलेले.

त्या पुलावर आमच्या रेमोर्कवाल्याने आवाज खाली आणून त्याच्या मावशीची गोष्ट सांगितली. ती पिढ्यान् पिढ्या मंदिरांच्या परिसरात राहत होती. पर्यटक वाढले तसं तिने दारात शहाळी विकायला घेतली. 2022 पासून सरकारने अंकोरच्या पुरातत्त्व उद्यानातल्या सुमारे दहा हजार कुटुंबांना बाहेर हलवायला घेतलं. तिला रुन ता एक इथे 20 बाय 30 मीटरचा तुकडा मिळाला, छपराला पत्रे मिळाले. सरकार म्हणतं लोक राजीखुशीने गेले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने नोव्हेंबर 2023 च्या अहवालात म्हटलं की दबाव होता. जागतिक वारशाचं कारण पुढे केलं गेलं, आणि युनेस्कोने सांगितलं की आम्ही कोणाला हलवायला सांगितलेलं नाही. मावशीला रस्ता मिळाला, वीज मिळाली, तो हे प्रामाणिकपणे सांगत होता. फक्त तिथे शहाळं घ्यायला कोणी येत नाही. मला याचा राग आला, अजून आहे. जंगलात कोणी नवं घर बांधू नये हे मान्य. पण आठशे वर्षं त्या देवळांत दिवा लावत आलेल्या माणसांना हटवून जे रिकामं, नीटनेटकं अंकोर मिळेल, ते कोणासाठी?

शेवटच्या दिवशी अंकोरच्या रस्त्यावरच्या कंथा बोफा हॉस्पिटलसमोर त्याने गाडी थांबवली. नाव जयवर्मन सातवा. या राजाच्या राज्यात 102 रुग्णालयं होती, असं ता प्रोहममधल्या 1186 च्या शिलालेखात कोरलेलं आहे. हॉस्पिटल उभं केलं बेआट रिष्नर या स्विस बालरोगतज्ज्ञाने, 1999 मध्ये. इथे कोणाकडूनही एक रिएलसुद्धा घेत नाहीत. रिष्नर दर शनिवारी इथेच पर्यटकांसाठी चेलो वाजवायचे आणि तरुणांकडे रक्त, वयस्करांकडे पैसे आणि मधल्यांकडे दोन्ही मागायचे. 2018 मध्ये ते गेले.

2019 मध्ये त्याच्या मुलीला डेंगी झाला होता. नऊ दिवस ती इथे होती. आवारातल्या झाडाखाली चटई टाकून तो आणि बायको राहिले. पैसे मागायला कोणी आलं नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी मधल्या वयाची. आत गेले, पेटीत पैसे टाकले आणि रक्त द्यायचंय म्हणून सांगितलं. परिचारिकेने वजन विचारलं, बोट टोचलं, आणि खिडकीजवळच्या खाटेवर झोपवलं. खाली फाटकाशी बायका पोरांना क्रमा नावाच्या चौकड्यांच्या पंच्यात गुंडाळून ओळीने बसल्या होत्या. कोणी रडत नव्हतं. पिशवी भरेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होते.

बाहेर आले तेव्हा त्याने रेमोर्क सावलीत आणून लावली होती आणि शहाळं फोडून ठेवलं होतं. गेस्टहाउसवर उतरताना मी दिवसाचे ठरलेले पैसे दिले. त्याने मोजून त्यातले तीन डॉलर परत माझ्या हातात ठेवले. हॉस्पिटलची फेरी त्याने धरली नव्हती.