बिजागरी नेमकी कुठे बसवायची?

पंचवटीतली कबड्डी खेळणारी एक मुलगी मागच्या महिन्यात सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आली. उजवा घोटा तीनदा मुरगळलेला. विकत आणलेला बिजागरीचा ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारं कवच, तिनं आठवड्यातच सोडला होता. "दादा, हाडावर घासतो." मोजा काढला, तर बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा लाल चट्टा.

ब्रेसच्या दोन्ही बिजागऱ्या एकाच उंचीवर होत्या. आपला घोटा तसा नसतोच. हात लावून बघा: आतलं हाड वर आणि जरा पुढे, बाहेरचं खाली आणि मागे. पाऊल वरखाली होतं ते या तिरप्या रेषेवर. बिजागरी ती रेषा चुकली, की प्रत्येक पावलाला कवच कातडीवर सरकतं. मग कितीही मऊ फोम लावा, घासणारच.

तिच्या नव्या ब्रेससाठी आधी हाडांवर खुणा केल्या, मग प्लॅस्टरचा साचा घेतला. त्यावर पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक तापवून ओढलं, हाडाभोवती फोमला खळगा ठेवला. पाऊल वरखाली मोकळं हवं, आत वळणं तेवढं अडवायचं. कारण तसं वळलं की बाहेरचे अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात.

काल ती ब्रेस घालून पांडवलेणी चढून आली. चट्टा नाही. उतरताना टाचेपाशी कड लागली म्हणाली, ती लगेच घासून दिली.