अभ्यासाचे बायबल निवडताना

दर गुरुवारी संध्याकाळी इंदूरमधल्या आमच्या मंडळीतली आठ-दहा मराठी कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या घरी शास्त्राभ्यासासाठी जमतात. वाचन मराठी पवित्र शास्त्रातून होते, प्रार्थना मराठीत किंवा हिंदीत होते, आणि तरुण मुलांचे प्रश्न बहुतेक हिंदीतच येतात. अभ्यास घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून टिपा असलेले एखादे चांगले इंग्रजी बायबल जवळ असावे, असे मला सतत वाटत होते. त्या शोधात बराच काळ गेला. अखेर मी कोणते निवडले आणि का, हे इथे लिहून ठेवत आहे.

माझे पहिले अभ्यासाचे बायबल स्कोफील्डचे होते. राजवाड्याजवळच्या खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते मला मिळाले. स्कोफील्डची मूळ आवृत्ती १९०९ मधली आहे, आणि देवाच्या मानवाशी असलेल्या व्यवहाराचे सात कालखंड पाडणारी मांडणी त्यातल्या टिपांमुळेच घरोघरी पोहोचली. मी ते श्रद्धेने वाचले. मात्र वचन आणि टीप एकाच पानावर वर-खाली वाचत गेल्याने दोन्हींतली सीमा माझ्या मनात पुसट होत गेली. ते सात कालखंड उत्पत्तीच्या पुस्तकातच तसे मांडलेले आहेत, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. एकदा एका मुलीने ‘हे कोणत्या अध्यायात आहे?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून टिपा वाचण्याची माझी पद्धत बदलली.

टिपांचे हे सामर्थ्य राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. १५६० च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरात समासात भरपूर टिपा होत्या. निर्गमाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात सुइणी मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा मोडून इब्री मुलगे जिवंत ठेवतात, तिथल्या टिपेत त्यांनी आज्ञा मोडली हे योग्यच केले असे म्हटले होते. इंग्लंडच्या राजा जेम्सला ते मुळीच रुचले नाही. १६११ मध्ये त्याच्या नावाचे भाषांतर निघाले, तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात भाष्य नसावे, असा दंडकच घातला गेला होता. मला यात राजाची बाजू घ्यावीशी वाटत नाही, पण टीप वाचताना ती कोणीतरी कोणत्यातरी भूमिकेतून लिहिली आहे, एवढे भान मी त्या प्रसंगातून घेतले आहे.

थॉम्पसनचे १९०८ मध्ये प्रथम निघालेले साखळी-संदर्भ बायबलही माझ्याकडे आहे. त्यात विषयांना क्रमांक दिलेले आहेत आणि एका वचनावरून त्याच विषयाच्या पुढच्या वचनाकडे जाता येते. अभ्यासाची तयारी करताना ते अजूनही उपयोगी पडते. मात्र कठीण शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर तिथे फारसे उत्तर मिळत नाही.

निवडीचा खरा कस लागला तो रूथच्या पुस्तकावर. चार अध्यायांचे हे छोटे पुस्तक आम्ही दोन महिने वाचत होतो. त्यात ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द तीनदा येतो: १:८, २:२० आणि ३:१० मध्ये. हाच शब्द १३६ व्या स्तोत्रातल्या सर्व २६ वचनांच्या पालुपदात आहे, आणि तिथे आपण मराठीत ‘त्याची दया सनातन आहे’ असे म्हणतो. मराठी कानाला दया ही नेहमी वरून खाली येणारी वाटते. थोराने लहानावर, धन्याने चाकरावर दया करावी. रूथच्या तिसऱ्या अध्यायात मात्र बवाजासारखा जमीनमालक एका परदेशी, निर्धन, विधवा मवाबी स्त्रीच्या, म्हणजे रूथच्याच, हेसेदची वाखाणणी करतो. तिथे दया म्हणून कसे चालेल? जोडलेले नाते परिस्थिती फिरली तरी न सोडणे, आणि बांधिलकीपेक्षा जास्त देणे, असा काहीसा त्या शब्दाचा आवाका आहे. हे कळल्यावर त्या स्तोत्राचे पालुपद मला पूर्वीसारखे म्हणताच येईना. देवाने आपल्याशी नाते जोडले आहे आणि तो ते सोडत नाही, असे आता त्यात ऐकू येते.

म्हणून मी २००८ मध्ये निघालेले ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) स्टडी बायबल निवडले. स्तोत्रांमध्ये त्याचे मूळ भाषांतर हेसेदसाठी बहुतेक ठिकाणी एकच शब्दप्रयोग ठेवते, त्यामुळे हिब्रू न येणाऱ्या माझ्यासारखीलाही त्या शब्दाचा माग काढता येतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम संपवले. मूळ शब्दाशी प्रामाणिक राहण्याची ती तळमळ मला फार आदराची वाटते, आणि टिपांमध्येही मी तीच शोधते.

दुसरी कसोटी यशया ७:१४ ची होती. तिथला हिब्रू शब्द ‘अल्मा’ म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. सेप्टुअजिंटने, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने, ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारिका, असा शब्द घेतला, आणि मत्तय १:२३ मध्ये तोच आला. १९५२ मध्ये आरएसव्ही (रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन) या इंग्रजी भाषांतराने ‘तरुण स्त्री’ असे छापले, तेव्हा अमेरिकेत मोठे वादळ उठले होते. आपल्या मराठी बायबलमधला ‘कुमारी’ हा शब्द मला इथे विलक्षण चपखल वाटतो, कारण अविवाहित मुलीच्या नावाआधी आपण आजही ‘कु.’ लिहितो आणि त्यात दोन्ही अर्थ सुखाने राहतात. एखादे बायबल हा सगळा इतिहास वाचकासमोर उघड मांडते की एका ओळीत निकाल देऊन मोकळे होते, हे मी दुकानातच ते पान काढून पाहते.

माझ्या निवडीशी माझे सगळीकडे जमते असे नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या २:१२ वरच्या टिपा स्त्रियांनी मंडळीत पुरुषांना शिकवू नये या मताकडे झुकतात, आणि मी स्वतः दर आठवड्याला स्त्री-पुरुषांच्या एकत्र गटाला शिकवते. तो भाग वाचताना मी न्यू ऑक्सफर्ड अ‍ॅनोटेटेड बायबल शेजारी उघडून ठेवते आणि गटाला दोन्ही बाजू वाचून दाखवते.

ईएसव्ही स्टडी बायबल पावणेतीन हजार पानांच्या घरात जाते, त्यामुळे ते हातात धरून फार वेळ वाचता येत नाही. गुरुवारी ते टेबलावरच बंद असते. आधी मराठी अध्याय दोनदा मोठ्याने वाचला जातो, सगळ्यांचे प्रश्न वहीत उतरवून घेतले जातात, आणि त्यानंतरच मी ते उघडते.