जुनी फोर-बाय-फोर बघताना आधी गाडीखाली जा

कोकणात सेकंडहँड फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनाचा जोर जाणारी गाडी, बघायला गेलं की मालक आधी बॉनेट उघडतो, स्टार्टर मारतो आणि 'आवाज ऐका' म्हणतो. आवाज नंतर ऐका. आधी गोणपाट अंथरून गाडीखाली जा. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आतून सडलेली असेल तर त्या गाडीत ओतलेला पैसा वसूल होत नाही. आणि खाऱ्या हवेत, चार महिन्यांच्या पावसात, आधी सडते ती चासीच.

त्याआधी एक रोखठोक प्रश्न: फोर-बाय-फोर खरंच लागते का? वाडीपर्यंत डांबर किंवा जांभ्याची सोलिंग असेल तर चांगल्या टायरची साधी बोलेरो बारा महिने चालते. पावसाळ्यात चिखलाची पाणंद चढायची असेल, व्हाळ (ओढा) ओलांडायचा असेल, चढावरच्या बागेतून हापूसच्या पेट्या उतरवायच्या असतील, तरच पुढच्या खर्चात पडा.

पाच लाखांच्या आसपास शोधणाऱ्यांची गाडी शेवटी जिप्सी किंवा जुनी थार यांवरच येते. जिप्सी पेट्रोल, १२९८ सीसी, वजनाला हलकी, चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), बोळातून सहज निघणारी. २०१०च्या शेवटी आलेली थार सीआरडीई (कॉमन रेल) डिझेल, २४९८ सीसी, पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे. ओझं घेऊन घाट चढायला ती बरी. माझं मत विचाराल तर अरुंद पाणंदीला जिप्सी घ्या, पण पाठ मजबूत हवी.

आता गाडीखाली. हातात मोबाइलचा टॉर्च आणि छोटी हातोडी. चासीवर हलके ठोके मारत पुढून मागे जा. शाबूत पत्रा टणटणीत वाजतो. बद्द आवाज आला की तिथे थांबा, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाट्यांच्या हँगरजवळ, बॉडी जिथे चासीवर बोल्टाने बसते तिथे, आणि मागच्या क्रॉसमेंबरमध्ये (चासीच्या आडव्या पट्टीत) गंज जास्त धरतो, कारण चिखल तिथेच साचून ओला राहतो. चासीच्या भोकातून आत उजेड टाका. आत समुद्राची वाळू दिसली तर गाडी किनाऱ्यावर फिरलेली आहे, मालक काहीही म्हणो. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, डिझेल टाकीचा वरचा भाग आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. मग आत बसून रबरी मॅट उचला आणि पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर खूश होऊ नका, उलट तिथेच जास्त ठोका.

चिखलाने माखलेली गाडी बघू नका. धुवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी कोरडी बघा.

चिपळूण-महाडकडची गाडी असेल तर २२ जुलै २०२१चा पूर लक्षात ठेवा. त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ राहते. सीटचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर आणि फ्यूजबॉक्सची मागची बाजू बघा. विम्याचा इतिहासही विचारा. घाटावरची, म्हणजे कोल्हापूर-सातारा पासिंगची गाडी चासीच्या बाबतीत बरीच कोरी सापडते. तिकडे जाऊन यायचा खर्च वाया जात नाही.

डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधली गिअरची पेटी) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) यांचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, उघडून तेलात बोट घाला. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. कारण साधं आहे: गरम हाउसिंग व्हाळाच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा आत-बाहेर करणारी नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल बदलून भागेल असं विक्रेता सांगेल. ते तसं किती दिवस चाललंय यावर बेअरिंगचं भवितव्य ठरतं, म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चात बेअरिंग धरूनच भाव करा.

फोर-बाय-फोर खरंच गुंतते की नाही हे डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून ठरवू नका. सुटी खडी किंवा मऊ माती असलेली जागा शोधा. चालत्या माणसाच्या वेगात ४एचमध्ये (फोर-बाय-फोर, वरची रेंज) टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा. गाडी आखडल्यासारखी वाटली, टायर घसरत वळले, तर पुढचा अ‍ॅक्सल काम करतोय. टू-व्हील ड्राइव्हसारखी मोकळी वळली तर पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) लागत नाहीत किंवा पुढचा शाफ्ट तुटलेला नाहीतर काढलेला आहे. ही तपासणी डांबरावर करू नका, तिथे सगळा ताण गिअरवर येतो. ४एल (जास्त जोराची खालची रेंज) गाडी थांबवूनच लावा. मग उतारावर खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडा; दांडी आपोआप न्यूट्रलला उडाली तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. पूर्ण वळणात कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (वळतानाही पुढच्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) गेलाय. जिप्सीत पन्नास-साठच्या वेगाला खड्ड्यावरून स्टिअरिंग थरथरत सुटतं का तेही बघा. बहुतेक वेळा किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग सैल असतात. नुसतं व्हील बॅलन्सिंग करून ते जात नाही.

इंजिनाचं थोडक्यात: थंड असताना स्वतः चालू करा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. सीआरडीईत काळा धूर आणि ओढ कमी असेल तर इंजेक्टर आणि टर्बोचे पाइप तपासा, इंजेक्टर महाग पडतात. एखादा चढ चढून वर दहा मिनिटं चालू ठेवा आणि टेम्परेचरचा काटा बघत बसा.

टायर पाचही एकाच मापाचे हवेत, जिप्सीला २०५/७० आर १५, थार सीआरडीईला २३५/७० आर १६. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. राक्षसी टायर बसवलेली गाडी फोटोत छान दिसते, पण जॉइंट आणि बेअरिंगचं आयुष्य त्यात गेलेलं असतं.

कागदांत चासी नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवा. जोडाजोड करून बांधलेल्या जीपा बाजारात फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर भरलाय का बघा. दुसऱ्या आरटीओतली असेल तर एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गोव्याची गाडी स्वस्त दिसते, तिच्यावर इथला रोड टॅक्स धरूनच हिशेब करा.

पाच लाख असतील तर गाडीला चार द्या. उरलेल्या एकात सगळी तेलं, ब्रेकच्या नळ्या, रबरी होज आणि बेल्ट बदलून घ्या, ब्रीदरच्या नळ्या उंच बांधा, आणि मृगाआधी चासीच्या आत मेणाचं कोटिंग फवारून घ्या. गंजावर थेट रबरी कोटिंग मारू नका, आत ओल अडकून पत्रा आणखी लवकर खातो.