दोन टक म्हणजे अजून मार

एक टक म्हणजे झालं. दोन टक म्हणजे अजून मार. तीन टक म्हणजे वाट लागली, रिव्हेट काढून टाक.

2017 साली मेलबर्नजवळच्या वेरिबीत मी जे इंग्रजी बोललो, त्यातलं निम्मं एवढंच. तेही तोंडाने नाही, विमानाच्या पत्र्यांत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, ठोकताना पत्र्यावर पोलादी ठोकळा वाजवून.

मुलगा टार्निटला राहतो. आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो होतो. हिला नात होती, स्वयंपाकघर होतं, समोरच्या घरातल्या सांगलीच्या बाई होत्या. मी आयुष्यभर पिंपरीत टूलरूममध्ये काम केलेला माणूस. तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. मग सून म्हणाली, "बाबा, इथे जवळच काही आजोबा मिळून विमान दुरुस्त करतात. सोडू का तुम्हाला?" 'काही आजोबा' हे तिचे शब्द. तेव्हा मी 64 वर्षांचा होतो.

महायुद्धाच्या काळातलं जुनं पत्र्याचं हँगर, आत गारठा, आणि मधोमध बी-24 लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बर. पंखांचा पसारा साडेतेहतीस मीटर. चार इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरची. पोट बघायला वाकलो तर बॉम्बकप्प्याची दारं चक्क दुकानाच्या शटरसारखी. बाहेर उघडत नाहीत, अंगाला घासत वर सरकतात. लक्ष्मी रोडला रात्री नऊ वाजता जे बघतो तेच. आत बॉम्बच्या दोन रांगांमधून चालायला जी पट्टी आहे ती नऊ इंच, म्हणजे बरोबर एक वीत. लढाईत पोरं त्या एका वितीवरून, खाली दार उघडं असताना, ये-जा करत. मी हँगरमध्ये उभ्या विमानात ती ओलांडली आणि दोन्ही हातांनी जे सापडेल ते धरलं.

विमानाची कुळकथा आपल्या गणपतीसारखी. धड एकाचं, पंख दुसऱ्याचे. धड ऑस्ट्रेलियन हवाई दलाचं, नंबर ए72-176. युद्ध संपल्यावर या विमानांचं करायचं काय? ऑस्ट्रेलियाकडे अशी 287 होती, बहुतेक सगळी भंगारात गेली. या एकाचं धड 1948 मध्ये मोई गावातल्या एकाने विकत घेतलं आणि ते पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्याकडेच पडून राहिलं. पंख आणले पापुआ न्यू गिनीच्या जंगलातून, तिथे पडलेल्या दुसऱ्या लिबरेटरचे. आता हे उडणार नाही. उडवायचा विचारही नाही. उभं करायचं, इंजिनं फिरवायची, बस्स.

पहिल्या दिवशी मला माझ्या अंगकाठीमुळे काम मिळालं. वजन 54 किलो. म्हणाले, शेपटाकडे आत शिरेल असा माणूस हवाच होता. बाहेर एक निवृत्त सुतार, वय 81, हातात हवेवर चालणारी रिव्हेट गन. आत मी, हातात डॉली, म्हणजे पोलादाचा गुळगुळीत ठोकळा. बाहेरून गन रिव्हेटच्या डोक्यावर ठोके देते, आत तिची शेपटी डॉलीवर चेपली जाते. चेपलेला भाग रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मा उंच व्हायला हवा. कमी ठोके दिले तर सैल, जास्त दिले तर पत्रा चेंबतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून टकटक.

माझी अकरावी रिव्हेट तिरकी बसली. डॉली जरा कलली होती, चूक माझीच. केसभर तिरकी. आत अंधार, वरून दुसरा पत्रा बसणार, कोणाच्या बापाला दिसणार नव्हती. पण हात टूलरूमचा, आपोआप तीन टक वाजवले. म्हातारा आत डोकावला, टॉर्च मारून बघितलं, एक शब्द बोलला नाही. ड्रिल पुढे केलं. रिव्हेट काढताना भोक मोठं होऊ द्यायचं नाही, ही खरी कसोटी. त्यात चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर त्याने मला नावाने हाक मारायला सुरुवात केली. चुकीच्या नावाने, पण केली.

दहाच्या चहाला तिकडे 'स्मोको' म्हणतात, धूम्रपान कोणी करत नसलं तरी. मी चिवड्याचा डबा नेत असे. अशाच एका स्मोकोला कोणीतरी विचारलं, भारतात कुठून? पुणे म्हटल्यावर एकाने कप खाली ठेवला. म्हणाला, मग तुला माहीतच असेल.

मला काहीच माहीत नव्हतं. जगात अशी 18 हजारांहून जास्त विमानं बनली, आज अख्खी म्हणावीत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यांतली बरीचशी भारतीय हवाई दलात होती. ब्रिटिशांनी कानपूरला ती टाकून दिली, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. 1948 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या मेकॅनिकांनी त्यातली चाळीसच्या वर विमानं तिथल्या तिथे जेमतेम उडण्याजोगी केली, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने एकेक करून ती बंगळुरूला नेली. तिथे पुरती दुरुस्ती झाली आणि पुढे 1968 पर्यंत आपण ती वापरली. सहा नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावरून समुद्र धुंडाळायची. तिचा तळ होता पुणे. निवृत्तीनंतरही त्यांतली काही मोडीत निघाली नाहीत. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे, एक ब्रिटनला गेलं, एक ओटावाला, एक टूसॉनला.

त्या रात्री दादाला फोन लावला. आम्ही लहानपणी विश्रांतवाडीला, पुण्याच्या लोहगाव हवाई तळाजवळ राहायचो. विचारलं, लोहगावचं चार इंजिनांचं विमान आठवतं का? "तो घरघऱ्या? अरे, तो गेला की आई वाळवणावर फडकं टाकायची, धूळ पडते म्हणून." धूळ कसली पडते एवढ्या उंचावरून! पण आईला कोण सांगणार.

म्हणजे जे विमान डोक्यावरून जाताना मी बघितलं होतं, त्याच जातीच्या विमानाच्या शेपटात मी पोटावर झोपलो होतो. पुढच्या मंगळवारी आत शिरताना मी उगीचच पत्र्यावर हात फिरवला. पापुद्र्याखाली गंजाची पांढरी पूड होती, ती बोटांना लागली. ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरा असतो, रांगोळीसारखा. तो खरवडायचा, हिरवट-पिवळा प्रायमर मारायचा, मगच रिव्हेट.

कानपूरच्या त्या मेकॅनिकांचा विचार मात्र डोक्यातून जाईना. त्यांना घाई होती, देशाकडे दुसरं बॉम्बर नव्हतं. आणि इथे हे म्हातारे एका पत्र्याला महिना लावतात. मला दोन्ही पद्धती पटल्या, हीच अडचण आहे.

शेवटच्या गुरुवारी आमच्या पट्टीची 64 भोकं उरली होती. आम्ही 23 केली. चार वाजता सून घ्यायला आली तेव्हा मी आतच होतो. बाहेरून गन थांबली. मी एक टक दिला. बाहेरून, कधी नव्हे ते, उलट एक टक आला.

चिवड्याचा डबा तिथेच राहिला. ही अजून विचारते.